चार हात जमीन

अमरावतीच्या कॅम्प भागातून चांदूर रेल्वेच्या रस्त्याला लागले, की राज्य राखीव पोलीस दलाची वसाहत येते न येते तोच हवा बदलते. शहराच्या भिंतींनी रात्रभर धरून ठेवलेली ऊब सुटते आणि वडाळी तलावावरून येणारा ओलसर गारवा गालाला लागतो. उजाडायला अजून अवकाश असतो. पलीकडे पोहऱ्याच्या टेकड्या नुसत्या एका काळसर रेघेसारख्या दिसतात. त्या रेघेतून झाडे हळूहळू वेगवेगळी होऊ लागली म्हणजे समजावे, की आता सूर्य यायचा. साग, सालई आणि धावड्याचे हे पोहरा-मालखेडचे राखीव जंगल शहराला इतके लगटून आहे, की बिबट्या दिसल्याची बातमी आमच्याकडे भाजीच्या भावासारखी सहज सांगितली जाते.

वडाळी आणि छत्री हे आमचे दोन तलाव एके काळी शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेले. आता अमरावती पाणी पिते ते मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचे, आणि या दोन तलावांकडे लोक येतात ते फिरायला किंवा नुसते बसायला. कामातून मोकळ्या झालेल्या माणसासारखे हे तलावही निवृत्त आहेत, असे मला माझ्या निवृत्तीनंतर वाटू लागले. पाळीवर उभे राहिले की पाण्यात टिबुकल्या बुड्या मारताना दिसतात, काठच्या बेशरमीच्या झुडपांत पाणकावळा पंख पसरून बसलेला असतो, आणि जवळच्या वनविभागाच्या बांबू उद्यानातून वारा आला तर बांबूवर बांबू घासल्याचा एक करकर आवाज येतो. जुन्या तिजोरीचे दार उघडताना येतो तसा.

खरे सांगायचे तर मी निसर्गासाठी फिरायला लागलो नव्हतो. ३६ वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी करून २०१९ साली निवृत्त झालो. त्याच वर्षी रक्तातील साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालावयास सांगितले. मी ते कर्जाच्या हप्त्यासारखे फेडू लागलो. खिशात लहानशी वही असे. तिच्यात तारीख, फेऱ्या, मिनिटे, आणि महिन्याच्या अखेरीस बेरीज. सूर्योदयाला पाळीवर पोहोचायचे आणि नवकारसीची ४८ मिनिटे पुरी होईपर्यंत घरी परतायचे, असा हिशेब मी बसवला होता. वाटेवरच्या टपरीवर इतर मंडळी चहा घेत, मी घेत नसे. त्यावरून थट्टा होई, ती मी ऐकून घेई.

आम्ही चौघे बरोबर असू. त्यांपैकी एक कापडाचे व्यापारी. त्यांना सगळेच शेठजी म्हणतात, मला ते साहेब म्हणतात. बोलणे काय, तर तुरीचे भाव, सरकीचे भाव, सोने, शेअर बाजार, कोणाच्या मुलाने पुण्यात घर घेतले. या विषयांना मी नावे ठेवत नाही. आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या हेच बोलणे चालत आले आहे आणि त्यावरच आपली घरे उभी आहेत. माझे वडील कापसाच्या अडतीत होते. मोकळ्या आभाळाकडेही ते ढगांसाठीच पाहत. परंतु या बोलण्याच्या भरात आम्ही तलावाला रोज चार फेऱ्या घालत होतो आणि तलाव मात्र पाहत नव्हतो, एवढे खरे.

अकोल्यातही हेच झाले होते. नोकरीत पाच वर्षे मी तिथे होतो आणि पहाटे एका सहकाऱ्याबरोबर डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारात फिरावयास जात असे. १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे आवार म्हणजे अकोलेकरांचे फुप्फुसच म्हणावे. जुनी सावलीची झाडे, लांब सरळ रस्ते, आणि दोन्ही बाजूंना प्रयोगाची शेते. पाच वर्षे तिथून चाललो. त्या रस्त्याला कोणती झाडे होती, असे मला कोणी विचारले असते तर मी गप्प बसलो असतो. मार्चअखेरच्या ठेवींचे उद्दिष्ट किती होते, ते मात्र आजही सांगू शकेन.

२०२३ च्या दिवाळीनंतर चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळे तपासावयास गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिले, डोळ्यांतील दाब मोजला आणि आणखी एक तपासणी सांगितली. पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात हनुवटी ठेवून मधल्या ठिपक्याकडे एकटक पाहावयाचे, आणि बाजूला कुठेही बारीक दिवा लागलेला दिसला की हातातले बटण दाबावयाचे. मी मोठ्या सावधपणे बटण दाबत होतो. एकही दिवा सुटू दिला नाही, अशी माझी खात्री होती. छापील कागद हाती आला तेव्हा त्यावर खालच्या बाजूला, डावीकडे, काळा डाग होता. दोन्ही डोळ्यांत होता, डाव्यात अधिक. तिथे दिवे लागले होते आणि मला ते लागल्याचे कळलेदेखील नव्हते.

काचबिंदू. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून दृष्टी परत येते, तसे यात नसते. डोळ्यांतील दाबाने नजरेच्या शिरेचे जे नुकसान झाले ते झाले. रोज रात्री थेंब घालून उरलेले राखावयाचे. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मी अनेक शाखांची तपासणी केलेली आहे. वर्षानुवर्षे बिनबोभाट चालू असलेली आणि कोणाच्याच ध्यानात न आलेली तूट कशी असते, ते मला ठाऊक होते. ती माझ्याच खात्यात निघेल असे वाटले नव्हते. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, चालताना मान खाली घालून पायापुढची जमीन पाहत जा, कारण नजर समोर ठेवली तर खालचे तुम्हाला दिसणार नाही. दुसरी, हा आजार घराण्यातून येऊ शकतो, तेव्हा चाळिशीच्या आसपासच्या मुलांना एकदा तपासून घ्यावयास सांगा.

पहिली गोष्ट मी ऐकली. दुसरी कोणाला सांगितली नाही. मुलगी अकोल्यास दिलेली, ३९ वर्षांची. तिच्या घरी लहान मूल, सासरचा व्यापार. तिला कशाला काळजीत टाकावे, असे मी स्वतःला समजावले. खरे कारण निराळे होते. आयुष्यभर लोकांनी ज्याच्याकडे कागद तपासावयास आणले, त्या माणसाला दिसत नाही हे कोणाला कळू नये, असे मला वाटत होते.

फिरणे बंद केले. शेठजींचा फोन आला तर गुडघ्याचे निमित्त सांगितले. तीन आठवडे गॅलरीत बसून राहिलो. एके दिवशी पत्नीने विचारले, “घरात बसून डोळे भरून येणार आहेत का?” तिला तेवढे माहीत होते, थेंबांची बाटली तिच्याच हातात असे. मी म्हणालो, “मान खाली घालून फिरण्यात काय मजा?” ती सामायिकाची बैठक घडी करीत होती. म्हणाली, “साधू-साध्वी आयुष्यभर तसेच चालतात. त्यांना विचारा.”

ईर्यासमिती हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. पुढची चार हात जमीन पाहून, कोणाला इजा होणार नाही अशा बेताने चालणे. शास्त्रात या अंतराला युगमात्र म्हणतात, म्हणजे बैलांच्या मानेवरच्या जुवाएवढे. वऱ्हाडातल्या माणसाला हे माप समजावून सांगावे लागत नाही. मी ते लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि ते साधूंचे आहे, आपले नव्हे, असे धरून चाललो होतो. पत्नीच्या बोलण्याचा राग आला होता, हेही कबूल करतो. पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो आणि वही घरी ठेवून निघालो.

मार्गशीर्षातली थंडी होती. मी कोणाला भेटू नये म्हणून पाळीच्या खालच्या वाटेने गेलो. उजाडले तसे पायापुढचे गवत दिसू लागले आणि त्या गवतावर, जागोजागी, कोणी पांढरी मलमल वाळत घालावी तशा लहान लहान घड्या दिसल्या. वाकून पाहिले तर ती कोळ्यांची जाळी. एरवी ती दिसत नाहीत. दव पडल्यामुळे प्रत्येक धागा उमटला होता, आणि जाळीच्या एका कोपऱ्यात नरसाळ्यासारखे भोक होते, त्यात मालक बसलेला. पन्नास पावलांच्या अंतरात मी एकोणचाळीस जाळी मोजली. मोजायची सवय काही जात नाही.

पुढे मुंग्यांचे वारूळ. गवताच्या बिया गोळा करणाऱ्या मुंग्यांची ही बिळे आपल्याकडे पुष्कळ असतात. भोवताली त्या मातीची कडी करतात आणि बियांची टरफले बाहेर टाकतात. खळ्यावर धान्य उफणल्यावर भुसा एका बाजूला पडावा तसा त्यांचा ढीग पडलेला असतो. त्यापुढे सांडव्याच्या दगडांवर ओले हिरवे शेवाळ. त्यापुढे चिखल, आणि चिखलात साचलेले तळहाताएवढे पाणी.

तिथेच मी थांबलो. दव, मुंग्यांची बिळे, शेवाळ, पाणी, माती, कोळ्याची जाळी. ही यादी मला पाठ होती. सामायिकाच्या आधी म्हणावयाच्या इरियावहीच्या सूत्रात, जाता-येता आपल्याकडून दुखावल्या गेलेल्या जीवांची क्षमा मागताना, ही सारी नावे ओळीने येतात. सात वर्षांचा असल्यापासून मी ते सूत्र म्हणत आलो आहे. बँकेच्या वार्षिक तपासणीच्या दिवशीही घाईघाईने म्हटले आहे. ती प्राकृत भाषा माझ्या जिभेवरून हजारो वेळा गेली असेल. परंतु कोणी तरी कधी काळी पहाटे खाली पाहत चालला होता, आणि त्याला पायापुढे जे जे दिसले ते त्याने नोंदवून ठेवले, असे मला कधी वाटलेच नव्हते. मला ते फक्त सूत्र वाटत होते. वडाळीच्या पाळीखाली, ६४ व्या वर्षी, ती यादी मला जागेवर पडताळून पाहावयास मिळाली. बँकेत आम्ही म्हणत असू, तसा माल प्रत्यक्ष तपासला.

त्यानंतर मी पुन्हा रोज जाऊ लागलो. मंडळींना पुन्हा भेटलो. गुडघा बरा आहे असे सांगितले. वेग कमी झाला होता, त्याबद्दल कोणी फारसे विचारले नाही. चौघांत मी मागे राहू लागलो आणि मागे राहणाऱ्याला शांतता मिळते. डोळ्यांनी बाजूचे सोडून दिले तेव्हा कानांनी ते उचलले. सातभाईंचा कलकलाट आणि बुलबुलाची शीळ मला निराळी ओळखू येऊ लागली. फाल्गुनात पोहऱ्याच्या उतारावर पळस फुलला. तो सगळ्यांना दुरूनच दिसला, मला तो आधी वाटेवर पडलेल्या केशरी पाकळ्यांवरून कळला, मग मान वर केली.

शेठजींना पक्ष्यांचे काही नाही. पण त्यांची दृष्टी गिधाडासारखी तीक्ष्ण, सत्तरीतही चष्मा नाही. दुकानात गिऱ्हाईक दार ओलांडण्याआधीच ते कापड घेणार की नुसते पाहणार, हे ओळखतात, असा त्यांचा दावा आहे.

२०२४ ची अक्षय तृतीया १० मे रोजी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पाळीवरून खाली उतरणारी, मुरमाड उतारावरची एक आडवाट आम्ही परतताना नेहमी वापरत असू. मी मागे होतो. एकाएकी डोक्यावर टिटवीचा आकांत सुरू झाला. टिटवी ओरडतेच, तिचे ओरडणे लोक अपशकुनी मानतात आणि विसरून जातात. मी खाली पाहत पाऊल उचलले आणि ते तसेच हवेत राहिले. पुढच्या हातभर जागेत चार खडे होते. मातकट रंगाचे, काळे ठिपके असलेले, टोके आत करून जुळवून ठेवल्यासारखे. मुरमात हजारो खडे होते, पण हे चार सारखे होते. हिशेबात चार आकडे एकसारखे आले, की तपासणाऱ्याने थांबावे, हा आमच्या धंद्याचा नियम. मी थांबलो.

पुढे गेलेले तिघे त्याच वाटेने, त्या अंड्यांपासून वीतभर अंतरावरून, उतरून गेले होते. गुरे घेऊन चाललेला एक मुलगा दुरून ओरडला, “काकाजी, पाय नका ठेवू तिथी! टिटवीनं अंडे देल्ले हायेत!” जवळ आल्यावर त्याने जागेकडे, मग तलावाकडे पाहिले आणि म्हणाला, “उंचावर देल्ले. औंदा पानी साजरं येईन.” टिटवी खोलगट जागी अंडी घालते त्या वर्षी पाऊस कमी आणि उंचावर घालते तेव्हा भरपूर, हा आपल्याकडचा जुना अंदाज. तो खरा असो वा नसो, त्या मुलाने तो हवामान खात्याच्या अधिकाऱ्यासारखा सांगितला.

टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर जरासा खळगा, बस्स. नर आणि मादी आळीपाळीने बसतात आणि सुमारे चार आठवड्यांनी पिले निघतात. वऱ्हाडातला वैशाख म्हणजे काय, हे वाचकांना सांगावयास नको. अशा उन्हात अंडे उबवणे हा प्रश्न नसतोच, ते शिजू न देणे हा प्रश्न असतो. पुढच्या दिवसांत मी पाळीवरून पाहिले, की त्यांतला एक पक्षी पाण्याच्या कडेला जाई, पोट पाण्यात टेकवून बसे, पिसे भिजवी आणि तसाच ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसे. एका सकाळी तीन वेळा गेला. आभाळ पडेल म्हणून टिटवी पाय वर करून झोपते, अशी तिची थट्टा करतात. या थट्टेत मीही पूर्वी सामील असे.

आडवाट बंद करावी असे मी सुचवले. शेठजी हसले. “साहेब, चार अंड्यांपायी माणसांचा रस्ता बंद?” मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी पोहोचण्याआधीच वाटेच्या दोन्ही तोंडांशी बाभळीच्या काटेरी फांद्या टाकलेल्या होत्या आणि शेठजींच्या हाताला ओरखडे होते. त्याविषयी ते काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही. कॉलेजची काही मुले मोबाइलवर चित्र घ्यावयास येऊ लागली, तेव्हा मात्र तेच पुढे झाले. प्रत्येक वेळी पक्षी उठतो, आणि तो उठला की अंडी उन्हात उघडी पडतात, हे त्यांनी मुलांना कापडाचे पोत समजावून सांगावे तसे सांगितले. शेवटी असे ठरले, की आपणही जवळ जावयाचे नाही. पाळीवरून बसलेला पक्षी दिसला की पुरे.

२२ मे रोजी मला अकोल्यास जावे लागले. जावई परगावी होते, मुलीला सोबत हवी होती. अकोल्यात तेव्हा आग ओतत होती. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि २५ मेपासून महिनाअखेरपर्यंत जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केले. दंगलीसाठी असलेले कलम उन्हासाठी लागलेले मी प्रथमच पाहिले. दुपारी रस्ते ओस पडत. मी पहाटे साडेचारला उठून कृषी विद्यापीठात जाई. त्या वेळीही वाऱ्यात भट्टीची धग असे.

पंचवीस वर्षांनी त्याच रस्त्यावर चालत होतो. दोन्ही बाजूंची शेते नांगरून पावसाची वाट पाहत पडली होती. अंधारातच कोकीळ सुरू होई. उजाडताना कडुनिंबावर तांबटाची टुकटुक चालू होई. अकोल्यात पूर्वी भांड्यांच्या दुकानांतून ठोक्यांचा असा आवाज येत असे. मध्येच भारद्वाजाचा तो घुमणारा, विहिरीतून आल्यासारखा हुंकार. वाटेवर निंबोळ्यांचा सडा होता आणि त्यांवर मुंग्यांची रांग. रांग ओलांडताना मी पाऊल लांब टाकले. याच वळणावर मी एकदा सहकाऱ्याला एका शाखेच्या ठेवींचे आकडे मोठ्या आवाजात सांगत होतो, ते आठवले. तेव्हाही तांबट असणारच. सात वाजता शेठजींना फोन करावयाचा, हा रोजचा क्रम. “बसली आहे,” एवढेच ते सांगत. आमचे आयुष्यातले सर्वांत लहान संभाषण.

एके दुपारी ती गोष्ट घडली. नातीने पक्ष्यांसाठी पाणी ठेवण्याकरिता मातीचा पसरट परळ आणला होता आणि तो व्हरांड्यात दाराच्या डाव्या बाजूला ठेवला होता. मी बाहेर आलो. परळ मला दिसला नाही. पाय लागून तो पायरीवरून गडगडला आणि फुटला. नात रडली नाही, नुसती पाहत राहिली. मुलगी आतून म्हणाली, “बाबा, पाहून चाला ना हो.” मी म्हणालो, “वय झाले आता.” ती हसली, मीही हसलो. रात्री न्हाणीघराचे दार लावून डोळ्यांत थेंब घातले. त्या वेळी सांगता आले असते. डॉक्टरांची दुसरी गोष्ट माझ्या ओठांवर होती. मी दिवा मालवून झोपलो.

३१ तारखेला शेठजी फोनवर म्हणाले, “साहेब, आज बसलेली नाही.” दुसऱ्या दिवशी मी निघालो. अकोला-अमरावती रस्ता आता असा झाला आहे, की गाडी कुठे थांबत नाही. २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून जागतिक विक्रम नोंदवला गेला. मूर्तिजापूर केव्हा आले आणि गेले ते कळलेही नाही. पोहोचल्यावर संध्याकाळीच पाळीवर गेलो. खळगा रिकामा होता. टरफलाचा तुकडा नव्हता, पीस नव्हते. मुंगूस असेल, कुत्रे असेल. पिले निघाली असतील तर पक्षी टरफले दूर नेऊन टाकतात, हे मी वाचले होते. दोन्हींची शक्यता सारखीच होती आणि पुरावा कशाचाच नव्हता.

४ जूनला लोकसभेची मतमोजणी होती. त्या सकाळी पाळीवर दुसरा विषयच नव्हता. शेठजी आणि मी जरा मागे होतो. एकाएकी टिटव्या उठल्या, दोन्ही, आणि आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागल्या. शेठजी थबकले. “साहेब! खाली! ते बघा, दोन. नाही, तीन!”

मी पाहिले. मुरूम, वाळलेले गवत, कोणीतरी टाकलेला चहाचा कप.

“दिसले?”

मी मान हलवली, ती होय म्हणून की नाही म्हणून हे मलाही कळू नये अशी. शेठजी गिऱ्हाईक ओळखतात, ते मी वर सांगितलेच आहे. त्यांनी पुन्हा विचारले, “दिसले का, साहेब?”

कर्ज मागणाऱ्यांना नाही म्हणताना मला कधी जड गेले नव्हते. त्या दिवशी तो एक शब्द उच्चारावयास फार वेळ लागला. “नाही शेठजी. मला डावीकडचे, खालचे, दिसत नाही. दिवाळीपासून. डोळ्यांना काचबिंदू आहे.”

ते काही बोलले नाहीत. बरे वाटेल असेही काही म्हणाले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्यांनी माझा दंड धरून मला थोडेसे डावीकडे वळवले, हातातली काठी पुढे केली आणि हळूच म्हणाले, “तो कप आहे ना, त्याच्या पलीकडे दोन हात. आई गप्प झाली की ते हलतील. तोवर बघत राहा.”

आम्ही उभे राहिलो. पक्षी दूर उतरले, ओरडणे थांबले. बराच वेळ तिथे मुरूमच होता. मग त्यातला एक खडा लांब पायांवर उभा राहिला आणि दोन-तीन पावले धावून पुन्हा खडा झाला. शेठजी म्हणतात तीन होते. मी एकच पाहिला, माझ्या नोंदीत एकच आहे.

त्या दिवशी संध्याकाळी अकोल्यास फोन केला आणि मुलीला सगळे सांगितले. तिने स्वतःचे डोळे तपासून घ्यावयाचे आहेत, हेही. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “म्हणजे परळ फुटला, तो त्यामुळे?” मी हो म्हणालो. तिने मागे वळून नातीला काही सांगितलेले ऐकू आले.

दुसऱ्या सकाळपासून शेठजी माझ्या डाव्या बाजूने चालू लागले. पाच वर्षे ते उजवीकडून चालत आले होते. मृगाचा पहिला पाऊस पडला तेव्हा वाटेवर लाल मखमली किडे निघाले आणि आम्ही चौघांनी पावसाळ्यापुरते डांबरी रस्त्यावरून फिरावयाचे ठरवले. अकोल्यास नातीने नवा परळ आणला आहे. तो दाराच्या उजव्या बाजूला ठेवला आहे, असे तिने मला फोनवर दोनदा सांगितले.